कडेला चिटकून सायकल चालवू नकोस

तुझा प्रश्न आधी थोडक्यात सांगते, म्हणजे बाकी वाचणाऱ्यांना पण कळेल. नागपुरात मनीष नगरला राहतेस, ऑफिस बर्डीला, म्हणजे सीताबर्डीला, सात-साडेसात किलोमीटर. दोन महिन्यांपूर्वी गिअरची सायकल घेतलीस आणि वर्धा रोडनी जायला लागलीस. गेल्या आठवड्यात अजनी चौकाच्या अलीकडे एक कार इतकी घासून गेली की तिचा आरसा तुझ्या हँडलला लागला, पडता पडता वाचलीस, आणि पुढच्या सिग्नलला त्याच माणसानी काच खाली करून सुनावलं, "सायकल चालवायची तर फुटपाथवर चालव ना, रोड काय तुझ्यासाठी आहे का?" तेव्हापासून सायकल पार्किंगमध्ये उभी आहे, आणि तू विचारतेस की रोडवर आपला खरंच हक्क असतो का, आणि असला तरी जीव कसा सांभाळायचा.

तू मला ताई म्हणालीस म्हणून एकेरीतच बोलते. मी २१ वर्षं सायकलनी ऑफिसला जाऊन राहिली आहे, आधी धंतोलीत होती, आता सिव्हिल लाइन्सला, आणि मागची नऊ-दहा वर्षं रविवारी सकाळी नवीन लोकांना, जास्त करून बायकांना, ट्रॅफिकमध्ये सायकल चालवायला शिकवते. तुझ्यासारखी गोष्ट घेऊन येणारी दर महिन्यात एक तरी असते आणि दरवेळी मी पहिला प्रश्न एकच विचारते, गाडी घासून गेली तेव्हा तू रोडच्या कडेपासून किती अंतरावर होतीस? उत्तर जवळपास नेहमी तेच येतं, "एकदम कडेनी चालली होती, कोणाला त्रास नको म्हणून". तू पण हेच लिहिलं आहेस बघ, "मी तर अगदी साइडनीच जात होते". त्या कारवाल्याची चूक शंभर टक्के त्याचीच आहे, त्यात मी तुझा वाटा काढत नाही. पण तू साइडनी जात होतीस म्हणूनच त्याला वाटलं की निघून जाता येईल, हे मला तुला नीट समजावून सांगायचं आहे, कारण बाकी सगळं त्याच्यानंतर येतं.

आधी हक्काचं बोलू. मोटार वाहन कायदा १९८८ चा आहे आणि त्यात सायकल मोटार वाहन धरलेलीच नाही, म्हणून तुला लायसन्स लागत नाही, रजिस्ट्रेशन नाही, इन्शुरन्स नाही, पीयूसी नाही. लोक ह्याचा अर्थ उलटा लावतात, की हिच्याकडे काहीच कागद नाही म्हणजे हिचा रोडवर हक्क पण नाही. अगं, परवानगी त्याला लागते कारण तो हजार किलोचं यंत्र लोकांच्या मधून चालवतो. तुला आणि पायी चालणाऱ्याला ती लागत नाही कारण सार्वजनिक रस्त्यावर तुमचं असणं हे धरूनच चाललेलं आहे. कोणी म्हणेल आम्ही रोड टॅक्स भरतो, तर शहरातले कितीतरी रोड मनपा बांधते, आणि मनपाला तुझ्या फ्लॅटचा मालमत्ता कर पण जातो. २०१७ ची ड्रायव्हिंग रेग्युलेशन्स आहेत केंद्र सरकारची, त्यात गाडी चालवणाऱ्यानी पायी चालणारे, सायकलवाले, लहान मुलं, म्हातारी माणसं आणि अपंग यांची विशेष काळजी घ्यायची असं लिहिलेलं आहे, आणि फुटपाथ किंवा सायकल ट्रॅकवर मोटार गाडी घालायची नाही हेही आहे. फुटपाथ हा चालणाऱ्यांचा. तू तिथे सायकल घालायची नाहीस, नाहीतर एखाद्या आजीबाईला आपण तेच करू जे त्या कारवाल्यानी तुला केलं. बंदी असते ती ठराविक जागी, जसं समृद्धी महामार्गावर सायकल काय, दुचाकीच चालत नाही, आणि एखाद्या उड्डाणपुलाच्या तोंडाशी सायकल मनाईचा बोर्ड असेल तर तो पाळायचा. बाकी वर्धा रोड असो की अमरावती रोड, तू तिथे पाहुणी नाहीस.

आता कुठे चालवायची ते. जरा हिशोब कर. शहरातली एक लेन साधारण साडेतीन मीटरची धर. कार आरशांसकट पावणेदोन-दोन मीटर. तुझं हँडल साठ-पासष्ट सेंटिमीटर. तू कडेपासून अर्धा मीटर सोडून चालली आहेस आणि कारनी तुझ्यापासून निदान एक मीटर लांबून जावं अशी तुझी अपेक्षा आहे, तर बेरीज चार मीटरच्या आसपास जाते. म्हणजे एका लेनमध्ये तू आणि कार नीट मावतच नाही. त्याला तुला ओलांडायचं तर उजवीकडच्या लेनमध्ये थोडं जावंच लागेल. पण तू कडेला चिटकून असलीस की मागून बघणाऱ्याला ती जागा पुरेल असं वाटतं, तो ना ब्रेक मारत ना लेन बदलत, सरळ घुसतो आणि मग आरसा लागतो. तूच जर कडेपासून मीटरभर आत असलीस, म्हणजे डाव्या लेनच्या जवळपास मध्ये, तर त्याला लांबूनच दिसतं की इथून निघायचं नाही, थांबायचं किंवा बाजूनी जायचं. हॉर्न वाजवेल, वाजवू दे. हॉर्न वाजवतो आहे म्हणजे त्यानी तुला बघितलं आहे, ज्यानी बघितलंच नाही त्याची भीती जास्त. जर्मनीत २०२० पासून शहरात सायकलला ओलांडताना दीड मीटर आणि गावाबाहेर दोन मीटर अंतर सोडायचा नियम आहे. आपल्याकडे हे अंतर तुला स्वतःच्या जागेनी मिळवावं लागतं.

हे सगळीकडे सारखं करायचं असं नाही. रोड रुंद असेल, डावी लेन मोकळी असेल, गाड्या आरामात बाजूनी जाऊ शकत असतील तर थोडी डावीकडे सरक, लोकांना जाऊ दे, हात दाखव, चांगलं वाटतं त्यांनाही. पण जिथे रोड चिंचोळा होतो, चौक जवळ येतो, पुलावर चढतेस, गाड्या पार्क केलेल्या आहेत, तिथे आधीच, पन्नास मीटर आधी, मागे वळून बघ, उजवा हात बाहेर काढ आणि आपली जागा घे. ऐनवेळी वळवळायचं नाही. एका रेषेत चालणारी सायकल मागच्याला समजते, आत-बाहेर करणारी समजत नाही, पार्क केलेल्या दोन कारच्या मधल्या गाळ्यात शिरून परत बाहेर येणं हे नवीन लोक फार करतात आणि तेच फार घातक.

पार्क केलेल्या गाड्यांचं मला अंगावर आलेलं आहे. २०१० मध्ये धंतोलीत, दवाखान्यांची गर्दी असते त्या गल्लीत, उभ्या कारचं दार अचानक उघडलं, मी सरळ त्याच्यावर आदळली, कॉलरबोन मोडला. तेव्हा मी गाड्यांना अगदी लागून चालवायची, अर्धा हात सोडून. दार उघडलं की जवळपास मीटरभर बाहेर येतं, म्हणून पार्क केलेल्या गाड्यांपासून सव्वा ते दीड मीटर सोडूनच चालवायची, कितीही हॉर्न येऊ दे. काचेतून आत कोणी बसलेलं दिसतं का, मागचा लाल लाइट आत्ताच विझला का, रिक्षातून कोणाचा पाय बाहेर येऊन राहिला का, हे बघायची सवय लागते हळूहळू. धंतोली, रामदासपेठ, सदर, इतवारी, इथे हे डोक्यात ठेवूनच जायचं.

नागपूरचे सिमेंट रोड ही वेगळीच गोष्ट आहे आणि बाहेरच्या पुस्तकात ती मिळणार नाही. रोड उंच झाला, बाजूला गट्टू, म्हणजे सिमेंटचे ब्लॉक, लावले, आणि सिमेंटचा काठ आणि गट्टू यांच्या मध्ये कुठे दोन बोटं तर कुठे चार बोटं उंचीचा फरक. तू कडेला चिटकून चाललीस, घाबरून थोडी डावीकडे गेलीस, चाक खाली उतरलं, आणि परत वर यायला गेलीस की चाक त्या काठाला घासत जातं, चढत नाही, आणि तू उजवीकडे पडतेस, म्हणजे थेट गाड्यांच्या बाजूला. चाक उतरलंच तर घाईनी वर चढवायचं नाही, तसंच खाली चालत राहायचं, वेग कमी करायचा, मागे बघायचं आणि मग मोठ्या कोनात, जमेल तितकं आडवं होऊन वर यायचं. नाहीतर सरळ उतरून सायकल उचलायची, लाज कसली त्यात. सिमेंटच्या दोन पट्ट्यांमध्ये लांबीच्या बाजूनी जी फट असते ती पण तशीच, बारीक टायर त्यात बसतो. तुझी सायकल रोडबाइक नसेल आणि टायर ३५ मिलिमीटर किंवा वर असेल तर बरं, नसेल तर फ्रेममध्ये बसतील तितके रुंद टायर घालून घे, मी सगळ्यांना हेच सांगते. आणि कडेला जमा होणारी चुरी, बारीक गिट्टी, काचा, हे पण सगळं त्या शेवटच्या अर्ध्या मीटरमध्येच असतं. कडेपासून लांब राहायचं हे आणखी एक कारण.

चौकात काय होतं ते बघ. तुला सरळ जायचं आहे, एक गाडी तुला ओलांडून पुढे येते आणि लगेच तुझ्यासमोरून डावीकडे वळते. छत्रपती चौकात हे रोज दिसतं. त्याला तुझ्या वेगाचा अंदाज नसतो, तू उभीच आहेस असं तो धरतो. त्याला एकच उपाय मला लागू पडला आहे, चौकाच्या आधी लेनच्या मध्ये यायचं, म्हणजे तो तुझ्या मागेच राहील आणि तू गेल्यावर वळेल. सिग्नलला थांबताना बस किंवा ट्रकच्या डाव्या बाजूला, पुढच्या चाकाजवळ कधी म्हणजे कधी थांबायचं नाही, जागा असली तरी नाही. ड्रायव्हर उंच बसतो, डावीकडची खालची जागा त्याला दिसत नाही. आरशात तुला त्याचं तोंड दिसत नसेल तर त्याला तू दिसत नाहीस असंच समज. एकतर पूर्ण पुढे जा, स्टॉपलाइनला, नाहीतर त्याच्या मागे थांब. वर्धा रोडसारख्या ठिकाणी उजवीकडे वळायचं असेल तर भर ट्रॅफिकमध्ये चार लेन कापत बसू नकोस, सरळ चौक ओलांड, पलीकडच्या कोपऱ्यावर थांब, सायकलचं तोंड फिरव आणि त्या बाजूच्या सिग्नलनी निघ. एक-दीड मिनिट जास्त लागतं, बस.

राँग साइड. तू लिहिलं आहेस की सकाळी यू-टर्न वाचवायला थोडंसं राँग साइडनी जाते. हे आजच बंद कर. समोरून येणारी गाडी ताशी ४० नी आणि तू १५ नी, म्हणजे तुम्ही ५५ च्या वेगानी एकमेकांवर येता. तीच गाडी मागून आली असती तर फरक २५ चा होता, आणि त्याला ब्रेक मारायला दुप्पट वेळ मिळाला असता. त्यातून गल्लीतून मेन रोडला लागणारा माणूस उजवीकडेच बघतो, कारण गाड्या तिकडून येतात, तुझ्या बाजूला तो बघतच नाही. आणि उद्या काही झालं तर समोरच्याचा वकील सगळ्यात आधी हेच काढेल. लाल सिग्नलचं पण तसंच, आपण हक्क मागतो तर सिग्नल पण पाळायचा, ह्यात माझं कोणाशी पटत नाही पण मी सोडत नाही.

लाइटचं सांगते, कारण तू परतताना सात-साडेसात होतात. मागे लाल, पुढे पांढरा, दोन्ही चार्जिंगचे, आणि दिवसा पण चालू ठेव, पुलाखाली तर पाहिजेतच. पेडलचे पिवळे रिफ्लेक्टर दुकानदार काढून टाकतात स्टाइलसाठी, ते परत लावून घे. वर-खाली होणारा तो ठिपका दिसला की मागच्याला लगेच कळतं की माणूस पाय मारून राहिला आहे. हेल्मेट सायकलला कायद्यानी सक्तीचं नाही, तरी घाल, भुवईच्या वर दोन बोटं आणि पट्टा हनुवटीखाली घट्ट, मागे सरकवलेलं हेल्मेट कामाचं नाही. पण हेल्मेट पडल्यावर काम करतं आणि तुझी जागा तुला पडूच देत नाही, म्हणून हेल्मेट घेतलं म्हणजे झालं असं मानणाऱ्यांशी मी भांडते. कानात इअरफोन एकही नको. आणि संक्रांतीच्या आसपास, डिसेंबर अर्ध्यापासून जानेवारी संपेपर्यंत, गळ्याला जाड स्कार्फ किंवा कॉलर, न चुकता. नायलॉन मांजावर बंदी येऊन वर्षं झाली तरी तो येतोच, आणि दुचाकीवाल्यांचे गळे आपल्या गावात दरवर्षी कापले जातात. उड्डाणपुलावर आणि मोकळ्या मैदानाजवळ वेग कमी ठेवायचा.

रस्ता मात्र बदल. वर्धा रोडवर तुझा हक्क आहे हे वर सांगितलंच, पण हक्क आहे म्हणून रोज तिथूनच गेलं पाहिजे असं काही नाही, मेट्रोच्या पिलरच्या आडून अचानक रोड क्रॉस करणारे लोक आणि सुसाट गाड्या, नवीन माणसाला त्रास होतोच. उज्ज्वल नगरपासून छत्रपती चौकापर्यंतच वर्धा रोड घे, तिथून डावीकडे खामल्याच्या बाजूला वळ, मग देव नगर, लक्ष्मी नगरचा आठ रस्ता चौक, दीक्षाभूमी, काचीपुरा, रामदासपेठ, झाशी राणी चौक, आणि आली बर्डी. एक-दीड किलोमीटर जास्त पडेल, पाच-सात मिनिटं, पण झाडं आहेत आणि गाड्यांचा वेग कमी आहे. आठ रस्ता चौकात सर्कलमध्ये शिरताना मधली जागा घ्यायला विसरू नकोस, कडेनी गेलीस की प्रत्येक फाट्याला कोणीतरी तुला कापेल. मे महिन्यात ४५ च्या वर पारा गेला की हट्ट करू नको, सकाळी सायकल आणि परत येताना मेट्रो, आपल्या मेट्रोत सायकल नेता येते, बर्डीला चढायचं आणि उज्ज्वल नगरला उतरायचं.

आता जे कोणी सांगत नाही ते. धडक झालीच तर. तेव्हा धंतोलीत दार उघडणाऱ्या त्या माणसानी मला तिथेच दोन हजार रुपये दिले, चार लोक जमले होते, सगळे म्हणाले ताई मिटवून टाका, आणि मी मिटवलं, गाडीचा नंबर पण लिहून घेतला नाही. दुखणं संध्याकाळी सुरू झालं, एक्सरे रात्री निघाला, आणि खर्च कितीतरी पटीनी गेला, दीड महिना ऑफिस नाही. म्हणून सांगते, जागेवर पैसे घ्यायचे नाहीत आणि कुठल्याही कागदावर सही करायची नाही. पहिलं काम गाडीच्या नंबरप्लेटचा फोटो, मग रोडचा, सायकल जिथे पडली तिथेच असतानाचा. ११२ पोलिसांना, १०८ अ‍ॅम्ब्युलन्सला. मोटार वाहन कायद्यातल्या कलम १३४ प्रमाणे ड्रायव्हरनी जखमीला उपचार मिळवून द्यायचे असतात आणि पोलिसांना कळवायचं असतं, पळून जाणं हा त्याचा वेगळा गुन्हा. जे मदत करतात त्यांना कलम १३४-अ चं संरक्षण आहे, त्यांच्यावर केस होत नाही, हे जमलेल्या लोकांना मोठ्यानी सांग, लोक घाबरून मागे सरतात म्हणून.

हॉस्पिटलमध्ये, सरकारी मेडिकल असो की प्रायव्हेट, "रोड अ‍ॅक्सिडेंट" असंच सांग आणि एमएलसी, म्हणजे पोलिस केस म्हणून नोंद, करून घे, "घसरून पडली" असं कोणाच्या सांगण्यावरून लिहू देऊ नको, तो एक शब्द नंतर सगळं बिघडवतो. ५ मे २०२५ पासून केंद्राची कॅशलेस योजना आहे, मोटार गाडीमुळे झालेल्या अपघातात सात दिवसांपर्यंत दीड लाखापर्यंतचा उपचार योजनेतल्या हॉस्पिटलमध्ये, ती विचारून घे. पोलिसात नुसती स्टेशन डायरीची नोंद नको, एफआयआर हवा. भारतीय न्याय संहितेत बेदरकार गाडी चालवणं २८१ मध्ये येतं आणि त्यामुळे दुखापत झाली तर १२५. हद्द दुसऱ्या ठाण्याची आहे असं म्हणाले तर झिरो एफआयआर म्हणून सांग. चौकातल्या सीसीटीव्हीचं फुटेज फार दिवस ठेवलं जात नाही, दोन-तीन दिवसांच्या आत लेखी अर्ज दे आणि पोच घे. सायकल पंचनाम्याआधी दुरुस्त करायची नाही.

नुकसानभरपाई मोटार अपघात दावा न्यायाधिकरणात मागायची, मोटार वाहन कायद्याचं कलम १६६, मुदत अपघातापासून सहा महिने, म्हणून वकिलाकडे बरं होण्याची वाट न बघता जायचं. कोणाची चूक हे सिद्ध न करता कलम १६४ खाली मृत्यूला पाच लाख आणि गंभीर दुखापतीला अडीच लाख मिळतात. गाडी पळून गेली आणि सापडलीच नाही तर कलम १६१ ची योजना, मृत्यूला दोन लाख, गंभीर दुखापतीला ५० हजार, अर्ज एसडीओ (उपविभागीय अधिकारी) किंवा तहसीलदाराकडे. रक्कम थोडी आहे, मला ती अपुरीच वाटते, पण ती आहे हेच बऱ्याच घरांना माहीत नसतं. पेपर टाकणारी मुलं, एमआयडीसीत शिफ्टला जाणारे, रात्री परतणारे गार्ड, शहरात रोज सायकल चालवणारे जास्त हेच लोक आहेत. त्यांच्याकडे ना हेल्मेट ना लाइट ना वकील, तर तुझ्या बिल्डिंगच्या गार्डला हे एवढं नक्की सांग.

त्या कारवाल्याशी सिग्नलला काय बोलायला पाहिजे होतं, हे पण विचारलं आहेस. काही नाही. नंबर लक्षात ठेवायचा, तो पुढे जाऊ द्यायचा, रागावलेल्या माणसाच्या पुढे सायकल ठेवायची नाही. मुद्दाम घासून गेला असेल, परत परत तेच करत असेल तर ट्रॅफिक पोलिसांकडे तक्रार कर, कलम १८४ मध्ये धोकादायक ड्रायव्हिंगला पहिल्या वेळी पण १००० ते ५००० दंड आहे. सायकलला मागे बघणारा छोटा कॅमेरा लावणारे पण आहेत, परवडत असेल तर लाव.

सोमवारी एकदम ऑफिसला निघू नको. ह्या रविवारी सकाळी साडेसहाला वर सांगितलेला पूर्ण रस्ता एकदा रिकामा असताना करून घे, प्रत्येक चौकाच्या आधी मागे बघणं आणि हात दाखवणं ठळकपणे कर, कोणी बघत नसलं तरी. मागे वळून बघताना सायकल उजवीकडे ओढली जाते सुरुवातीला, ती सरळ राहायला लागेपर्यंत कॉलनीतल्या रिकाम्या रोडवर पट्ट्यावरून चालवायचा सराव कर, माझ्याकडच्या बायकांना साधारण चार रविवार लागतात. मग एखाद्या शनिवारी गर्दीच्या वेळेला जा, तुझ्याबरोबर कोणीतरी मागे असलेलं बरं, आणि मला सांग कुठल्या चौकात हात थरथरला ते, त्याप्रमाणे पुढचं बघू.